पुरळ औषधाचं, पण औषध कोणतं?

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं ध्वजवंदन होतं आणि त्याच दिवशी राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताहही सुरू होतो. २३ तारखेपर्यंत पोस्टर लागतील, व्याख्यानं होतील. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतसारख्या तालुक्याच्या गावात मात्र सप्ताहाचा खरा कस केसपेपरवरच लागतो. अंगावर पुरळ आलं, ते कशानं?

हळदीच्या या मुलखात कारणांमधला हा फरक पटकन कळावा. हळद हाताळताना त्वचेचा दाह झाला, तर तो स्पर्शाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात त्याची जागा एल २३ ते एल २५. पोटात गेलेल्या पदार्थानं झाला, तर एल २७. त्यातही औषधानं अंगभर पुरळ आलं तर २७.०, ठरावीक जागीच आलं तर २७.१ आणि अन्नानं आलं तर २७.२. पित्ताच्या गांधी उठल्या तर एल ५०.

पण २७.० लिहून काम संपत नाही. औषध कोणतं हे सांगायला वाय ४० ते वाय ५९ मधला जोडकोड लागतो. सल्फाच्या गोळ्यांना वाय ४१.०, वेदनाशामकांना वाय ४५. नावच ठाऊक नसेल तर वाय ५७.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट औषध’. मला सर्वाधिक धास्ती या कोडची वाटते. मेडिकलमधून कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या आणल्या, पाकीट नाही, चिठ्ठी नाही. मग डॉक्टरांनी नाव आणायचं कुठून? काही गोळ्यांनी ओठावर किंवा हातावर काळसर चट्टा येतो. तीच गोळी पुन्हा घेतली, की चट्टा पुन्हा त्याच जागी. नाव कळलं असतं, तर हा दुसरा चट्टा टळला असता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबाबत इशारा दिला, तो औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींच्या छाननीतूनच. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतली जाणारी ही गोळी क्वचित ‘ड्रेस’ नावाचा गंभीर विकार घडवते: ताप, पुरळ, यकृतासारख्या अवयवांना इजा. तो दिसतो दोन ते आठ आठवड्यांनी. तोवर गोळीचं नाव कोणाच्या लक्षात राहणार?

म्हणून सुट्ट्या गोळ्यांच्या पुडीवरही औषधाचं नाव लिहिलंच पाहिजे, आणि आपण ते मागून घेतलंच पाहिजे. त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या भावी डॉक्टरांना ‘कोणती गोळी घेतली होती?’ हा प्रश्न पहिल्या केसपेपरपासून विचारायला शिकवावं.