फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे!

"फुकट हाय म्हनते, अन् मंग पैसे काहून मांगते व बाई?" सासूबाईंनी विचारलं आणि मी गप्पच झाले.

झालं असं, की लेकीला शाळेतून लोणार सरोवरावर प्रकल्प करायचा होता. लोणार म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आम्हीही बघायला जायचं म्हणत होतो. लेक मोबाईलवर मराठी विकिपीडिया वाचत होती. मध्येच देणगी मागणारी पट्टी आली. मला वाटलं, झाली फसवणूक! आजकाल कुणाचा भरवसा आहे? पण सासूबाईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण तो माझ्या दुखऱ्या जागेवरच लागला होता.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा मैत्रिणींनी गल्लीत मोफत वाचनालय काढलं. पुस्तकं घरोघरून जमवली, पाळीपाळीने बसायचो. 'आपण सेवा करतोय, पैशाचं नाव नको,' असं ठरवलं. तीन वर्षं छान गेली. मग खोलीचं भाडं आणि लाईटबिल कुणी भरायचं यावरून धुसफूस सुरू झाली. एक दिवस कुलूप लागलं ते लागलंच. सेवा कमी पडली नव्हती, कमी पडला होता तो जमाखर्च.

म्हणून हे एवढं मोठं 'मोफत' कसं चालतं, ते शोधून वाचलं. विकिपीडियावरचे लेख जगभरातले लोक एक पैसाही न घेता लिहितात. मराठीतला १ मे २००३ रोजी सुरू झाला. पण माहिती साठवणारे मोठे संगणक, वीज, तांत्रिक कामाची माणसं यांना पैसा लागतो. तो अमेरिकेतली विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था गोळा करते. २०२३-२४ मध्ये वर्षाचा खर्च सतरा-अठरा कोटी डॉलरच्या घरात होता! आणि तो भरतो कोण? बहुतेक तुमच्याआमच्यासारखे वाचक. दरवर्षी ८० लाखांच्या आसपास लोक देतात, सरासरी दहा-अकरा डॉलर. शंभर वाचकांतले दोघंही देत नाहीत, तरी गाडा चालतो.

आपल्याला हे नवीन आहे का? शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने विनामोबदला राबतात. पण महाप्रसादाचे डाळ-तांदूळ भक्तांच्या देणगीतूनच येतात. हात एकाचे, शिधा दुसऱ्याचा, तेव्हा कुठे पंगत उठते.

मग जाहिराती का घेत नाहीत? २००२ मध्ये जाहिराती येणार अशी नुसती कुणकुण लागली आणि स्पॅनिश भाषेतले बरेच लेखक बाहेर पडले, त्यांनी वेगळा कोश काढला. राबणाऱ्याचं मन मोडलं की काम मोडतं. त्यापेक्षा बड्या कंपन्यांकडून घेतलेलं बरं. ही माहिती भरभरून वापरणाऱ्या कंपन्यांना जलद सेवा देऊन शुल्क घ्यायची सोय २०२१ मध्ये झाली. गूगल त्याचं पहिल्या ग्राहकांपैकी एक. वाचकाला मात्र सगळं मोफतच. शिवाय २०१६ पासून कायमनिधीही साठवतात. आपण नाही का, अडीनडीला मोडायचं नाही म्हणून थोडं बाजूला ठेवतो!

आपल्या मराठीत तर शंभर वर्षांपूर्वी हाच पेच पडला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी चक्क कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले. २३ खंड पुरे केले. पण १९३७ मध्ये ते गेले तेव्हा घरात ओढगस्तच होती. त्यांच्या जर्मन पत्नी शीलवतीबाईंनी हा संसार कसा रेटला, ते 'मीच हे सांगितलं पाहिजे' या पुस्तकात लिहून ठेवलंय. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश सुरू झाला, त्याला सरकारचा पैसा मिळाला. आज हे दोन्ही कोश इंटरनेटवर मोफत आहेत. पण केतकरांच्या कोशाचं मोल एका घराने मोजलं, हे विसरता येत नाही.

सगळं गोडच आहे असंही नाही. देणगी मागताना आता बंदच पडणार असा सूर लावतात, म्हणून २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लेखकांनीच आक्षेप घेतला. शिल्लक असताना रडगाणं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मागावं, पण हिशेब दाखवून मागावं. आणि राबणाऱ्याला गृहीत धरू नये. घरात बिनपगारी राबणाऱ्या आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको!

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा वाचनालय उघडलंय, मैत्रिणींनो. पुस्तक आजही फुकटच. पण दाराशी एक डबा ठेवलाय आणि भिंतीवर महिन्याचा जमाखर्च लावलाय. द्यायचं त्याने द्यावं, नसेल त्याने नुसतं वाचावं.

पहिल्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही. हिशेबाचा कागद नातीकडून वाचून घेतला, पदराची गाठ सोडली आणि दहाची नोट डब्यात टाकली.

"आता समजलं बाप्पा, काहून मांगते ते," म्हणाल्या.