आधी हात, मग पुस्तक

पाली या मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि शाळेच्या वेळेतही एखादा पोरगा होडीच्या इंजिनाशी झटत बसलेला दिसतो. अभ्यासात लक्ष नाही, हा शेरा अशा मुलांच्या नावावर कायमचा बसलेला असतो. मला तो कधीच पटला नाही. का पटला नाही, हे पाबळमुळे कळलं.

पाबळ हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं कमी पावसाचं गाव. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे राहायला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आखला. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. मुलगा असो वा मुलगी, चारही शिकायचे. वेल्डिंग येणाऱ्याला रक्तगट तपासता यावा आणि रोपवाटिका सांभाळणारीला घराचं वायरिंग जमावं, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

तिथला 'पाबळ डोम' बघा. लोखंडी त्रिकोण जोडून सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी आणि सिमेंट. एक पट्टी जरा आखूड कापली गेली की बोल्टचं भोक भोकासमोर येत नाही. कोणी रागावत नाही, लाल शाईची फुली नाही. पट्टी पुन्हा मोजायची. कोन, लांबी, खर्चाचा हिशेब यांची गरज तिथेच पडते, आणि ज्या गणिताला घाबरून पोरगा पळाला होता, त्याच गणिताबद्दल तो आपणहून विचारू लागतो. गावातली कामं पैसे घेऊन करायची असल्याने काम चोख करावंच लागतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळाही आली. तरी आश्रमाचा प्राण मला त्या साध्या मोजपट्टीतच दिसतो.

असं शिकायला लागणारं सारं पालीतही आहे: इंजिनं आहेत, बर्फाचा आणि डिझेलचा रोजचा हिशेब आहे, जाळी विणणारे जाणते हात आहेत. दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्मही आहे. गावातल्या जाणत्यांनो, शाळेच्या एका खोलीत संध्याकाळी एक बंद पडलेलं इंजिन आणून ठेवा आणि त्या पोरांना बोलवा.