मशीन ऑफिसात, तुम्ही घरात!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. रेंडरिंगला अजून तीन तास लागणार, काम लिनक्स मशीनवरच होणार, आणि स्टेशनवर फास्ट लोकल खुणावतेय. बॉस, मशीनला बसू द्या ऑफिसात. तुम्ही निघा!

फंडा सोपा आहे. लिनक्समध्ये आयकॉन्स, मेनू, खिडक्या हा सगळा संसार वेगळ्या प्रोग्रामचा असतो आणि तो बदलता येतो. उबुंटूसोबत येणारा ग्नोम दिसायला एकदम चकाचक, पण त्याची अ‍ॅनिमेशन्स ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर नाचतात. घरून बघताना तीच प्रत्येक हालचाल चित्र बनून नेटवरून येते. मग माऊस हलतो आत्ता, खिडकी सरकते नंतर! म्हणून रिमोटसाठी साधासुधा एक्सएफसीई बरा. १९९६ पासूनचा हा गडी जुन्या मशीनवरही दमत नाही.

करायचं काय? एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी ही दोन पॅकेजेस टाका. आपल्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी 'एक्ससेशन' नावाची फाइल बनवा आणि त्यात एक्सएफसीईचं सेशन सुरू करणारी एकच ओळ लिहा. एक्सआरडीपी मायक्रोसॉफ्टचीच आरडीपी भाषा बोलतं, त्यामुळे घरच्या विंडोजमधलं 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' त्याला थेट जोडता येतं.

आता पथ्यं. निघताना ऑफिसच्या मशीनवर लॉग-आउट करा, नाहीतर त्याच नावाने घरून शिरताना बऱ्याचदा नुसता काळा पडदा दिसतो. ऑटोमॅटिक सस्पेंड बंद ठेवा. झोपलेल्या मशीनला उठवायला तिथे कोण आहे? लांबलचक काम रिमोट सेशनमध्येच सुरू करा आणि मग लॉग-आउट न करता फक्त खिडकी बंद करा. काम मागे चालूच राहतं, तुम्ही जेवून घ्या.

पण सगळ्यात मोठं पथ्य वेगळंच. आरडीपीचा नेहमीचा दरवाजा म्हणजे पोर्ट ३३८९. तो थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. पासवर्ड चाचपणारे बॉट्स तिथे दिवसरात्र टपलेले असतात, रॅन्समवेअरवाल्यांची तर ही आवडती वाट. कंपनीच्या व्हीपीएनमधून किंवा एसएसएचच्या बोगद्यातूनच जा, आणि त्याआधी आयटीवाल्यांची परवानगी घ्या. लोकल आपली असली, तरी डेटा क्लायंटचा आहे!