राजधान्यांच्या वाटेवरची एसटी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात चार काळांतल्या चार राजधान्या एकमेकींपासून फार तर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. गोदाकाठचे सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, यादवांची देवगिरी, मलिक अंबरची खडकी आणि खडकीवरच वाढलेले मोगल सुभ्याचे औरंगाबाद. वेरूळची लेणी आणि खुलताबादचे दर्गे याच पट्ट्यात येतात. हिवाळा लागला की शाळांच्या सहली, देवदर्शनाला निघालेली मंडळी आणि परदेशी पाहुणे घेऊन बस या टापूत फिरू लागतात. बहुतेक सहली अंतराचा हिशेब धरून आखलेल्या असतात. त्यामुळे प्रवासी सकाळी चौदाव्या शतकात, दुपारी आठव्यात आणि संध्याकाळी सतराव्यात असतो. ही शतके एका सूत्रात ओवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे समुद्रकिनाऱ्याकडून दख्खनच्या पठारावर येणारा जुना व्यापारी रस्ता.

वाट आणि लासूर

पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. बारीगाझा म्हणजे भडोच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे त्यात म्हटले आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांत भरून अवघड मुलखातून भडोच बंदराला जाई. कोकणातल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांकडून येणारे मार्गही घाट चढून याच पठारावर येत. बाजाराची गावे, विहार, किल्ले आणि राजधान्या अशा वाटांच्या आधाराने वाढल्या.

लासूर स्टेशन ही आजच्या काळातली तशीच एक जागा. जुने लासूर गाव शिवना नदीच्या काठी आहे आणि तिथल्या दाक्षायणी देवीचे मंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. हैदराबादच्या निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग सुरू झाला आणि स्टेशनाभोवती बाजारपेठ जमली. कांदा आणि कापूस हा इथला मुख्य माल. लासूरनंतर पोटूळ, दौलताबाद आणि मग छत्रपती संभाजीनगर अशी स्थानके लागतात. रस्त्याने माळीवाडामार्गे बस निघाली की देवगिरीचा सुळका बराच आधी दिसू लागतो. लासूर, वैजापूर, गंगापूर भागातल्या शाळा सहलीसाठी ‘प्रासंगिक करारा’वर एसटी घेतात.

देवगिरी: चढायचा किल्ला

यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला राजधानी केली. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख येतो, तो इथला. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल केली आणि सुमारे दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीचा दरबार इथे हलवला आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. बहामनी राज्याचा संस्थापक हसन याचा राज्याभिषेक १३४७ मध्ये याच ठिकाणी झाला. नंतर किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीकडे आणि १६३३ मध्ये मोगलांकडे गेला.

किल्ल्याची रचना चढताना उलगडत जाते. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट असे तट एकाआत एक आहेत. महाकोटाच्या प्रवेशद्वाराशी वाट एकामागून एक वळणे घेते. हत्तीला धाव घेऊन दरवाजावर धडकता येऊ नये म्हणून ही वळणे, आणि तरीही तो आलाच तर दाराच्या फळ्यांवर लोखंडी खिळे. आत शिरल्यावर हत्ती हौद, जुन्या मंदिराचे खांब वापरून बांधलेल्या मशिदीत आज असलेले भारतमाता मंदिर आणि पंधराव्या शतकातला, साठ मीटरांहून उंच चांद मिनार ही ओळीने लागतात. पुढे चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने या महालात कैदेत ठेवले. मेंढ्याचे तोंड असलेली मेंढा तोफ जवळच्याच बुरुजावर आहे.

खरी करामत त्यापुढची. मूळ डोंगराचा खालचा भाग सगळ्या बाजूंनी तासून उभा कडा केला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खंदक खणला आहे. खंदकावरच्या अरुंद पुलावरून गेले की वाट कातळात खोदलेल्या अंधारीत शिरते. हा बोगदा वळणावळणाचा, पायऱ्यांचा आणि दिवसाही काळोखाचा आहे. वरच्या तोंडाशी निखारे पेटवले की धुराने बोगदा कोंडत असे. चौदाव्या शतकात इथे आलेला प्रवासी इब्न बतूता याने किल्ल्यातल्या तुरुंगाचे वर्णन केले आहे. तिथले उंदीर मांजरांहून मोठे असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. अंधारीतून बाहेर पडले की गणपतीचे मंदिर, पुढे बारादरी आणि शेवटी माथा. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि पैठणचे संत एकनाथ हे त्यांचे शिष्य. त्यामुळे वारकरी मंडळींना देवगिरी गुरूंचे ठिकाण म्हणूनही जवळची वाटते.

कागजीपुरा आणि खुलताबाद

देवगिरीहून वेरूळकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या जुन्या दरवाजातून जातो. मोठी बस तिथून जपूनच काढावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. वाटेत सीताफळे आणि पेरू विकणारे बसलेले असतात. घाट चढल्यावर कागजीपुरा लागतो. हातकागद बनवण्याचा इथला धंदा तुघलकाच्या स्थलांतराबरोबर आला, असे सांगितले जाते.

त्याच स्थलांतरात दिल्लीहून सुफी साधक आले आणि खुलताबाद उभे राहिले. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे इथले प्रमुख. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरले. कबर साधी आहे आणि तिच्यावर छत नाही. मलिक अंबर आणि हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक पहिला असफजाह यांच्या कबरीही याच गावात आहेत. एकमेकांशी आयुष्यभर लढलेल्या सत्तांची माणसे मेल्यावर एका गावात शेजारी झाली. निजलेल्या मारुतीची मूर्ती असलेले भद्रा मारुती मंदिर इथेच असून शनिवारी तिथे मोठी गर्दी होते.

वेरूळ: वरून खाली

खुलताबादचा उतार उतरला की वेरूळ. सह्याद्रीच्या पश्चिमाभिमुख कड्यात एका ओळीत ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन असा क्रम आहे. खोदकाम साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत चालले. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले.

सगळ्यांचे पाय आधी वळतात ते सोळाव्या लेण्याकडे, कैलासाकडे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (कारकीर्द ७५६ ते ७७३) याच्या काळात त्याचे मुख्य काम झाले. पंधराव्या लेण्यात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा लेख आहे. कैलासात दगडावर दगड रचलेला नाही. आधी कड्यात तीन बाजूंनी चर खणून मधला कातळ सुटा केला आणि मग शिखरापासून पायापर्यंत खाली येत मंदिर कोरले. काढून टाकलेला दगड सुमारे दोन लाख टन असावा, असा अंदाज केला जातो. कळसाकडून सुरुवात असल्याने चूक सुधारायला वाव नव्हता. एखाद्या मूर्तीसाठी ठेवायचा दगड तासला गेला तर तो परत लावता येत नाही. दक्षिणेच्या बाजूला कैलास उचलणारा रावण पाहावा. वीस हातांचा ताण, वर पार्वतीने घेतलेला शंकराचा आधार आणि पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून बसलेला निवांत शंकर, असा तीन पातळ्यांवरचा प्रसंग एका शिल्पात आहे.

या मंदिराची एक कथा मराठी ग्रंथांत येते. राजाचा आजार बरा झाला म्हणून राणीने कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम केला. पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने वरून काम सुरू करून आठवड्याच्या आत तिला शिखर दाखवले. कथा इतिहास नव्हे, पण वेरूळचे कारागीर पैठणहून आले, ही समजूत तिच्यात टिकून आहे. लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारले. त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. वेरूळ ही भोसले घराण्याची पाटिलकी आणि त्यांच्या गढीचे अवशेष गावात आहेत.

खडकी ते औरंगाबाद: पाण्यावरचे शहर

१६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी वसवली. खाम नदी लहान, म्हणून शहराला पाणी पुरवण्यासाठी त्याने नहर बांधली. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातले पाणी गोळा करून ते बंद नळांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, अशी ती योजना होती. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराचे नाव फत्तेनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला तेव्हा शहराला त्याचे नाव मिळाले. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

सहलीची बस इथे दोन ठिकाणी थांबतेच. बीबी का मकबरा ही औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. संगमरवर घुमटाला आणि खालच्या काही भागाला आहे, बाकी गिलावा. फ्रेंच व्यापारी तावर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना यासाठी संगमरवर वाहणाऱ्या तीनशेवर गाड्या पाहिल्याचे लिहिले आहे आणि त्यातल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते. पेरिप्लसच्या काळी जो माल समुद्राकडे जात होता, तसाच जड माल सोळाशे वर्षांनंतर उलट दिशेने पठारावर चढत होता. दुसरे ठिकाण पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, भिंतीत उंच चढते आणि हौदात कोसळते. त्या जोरावर जाते फिरे आणि तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई.

पैठण: सर्वांत जुनी राजधानी

पैठण शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणून एकदिवसीय सहलीतून ते हमखास गळते. वास्तविक या सगळ्या टापूचा आरंभ तिथे आहे. सातवाहनांची नाणी, मणी आणि मातीची भांडी पैठणच्या टेकाडांतून निघाली आहेत. जुन्या वस्तीच्या या टेकाडाला लोक पालथी नगरी म्हणतात. कन्नडजवळच्या पितळखोरे लेण्यांतल्या लेखांत दान देणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठानचा मितदेव नावाचा गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. पितळखोरे खानदेशात उतरणाऱ्या घाटाजवळ आहे. पैठणचा व्यापारी तिथे दान का देतो, याचे उत्तर पुन्हा वाट हेच.

आजच्या पैठणमध्ये नाथांचा वाडा, गोदेकाठची नाथसमाधी आणि ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवल्याची आठवण सांगणारा नागघाट पाहता येतो. पैठणी विणणारे माग आजही चालतात. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर गावाला लागूनच पसरला आहे.

सहल आखताना

वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर असल्याने त्याला स्वतंत्र दिवस लागतो, आणि खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावर सोडून पुढे एसटीने जावे लागते. देवगिरी सकाळी चढावी, कारण दुपारी कातळ तापतो. वेरूळ पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा दुपारनंतरचा उजेड लेण्यांत शिरतो आणि शिल्पे उठून दिसतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, पण शाळेचे पत्र आणि मुलांची यादी जवळ असावी. परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा आणि त्याला बसमध्येच सांगावे की आधी राजवटींचा क्रम समजावून द्या, मग इमारती दाखवा.

एका दिवसात सात ठिकाणे उरकणाऱ्या सहलीत मुलांना फाटके आणि पार्किंग तेवढे आठवते. लासूरहून पहिल्या दिवशी देवगिरी, खुलताबाद आणि वेरूळ, दुसऱ्या दिवशी मकबरा, पाणचक्की आणि पैठण अशी विभागणी केली तर दोन दिवस पुरतात. मंगळवार वगळावा आणि देवगिरीच्या दरवाजाशी ऊन चढायच्या आत पोहोचावे.