पानं नशिबाची, क्रम आपला: ब्रिजचा एक डाव, सावकाश

नुसतं ऐकून बावन्न पानं डोळ्यांसमोर धरणं अवघड जातं, म्हणून या भागाची लेखी प्रत जरा नीट मांडून देतोय. घरात पत्त्यांचा कॅट असेल तर घेऊन बसा. नसेल तर कागद-पेन चालेल.

आपल्याकडं, म्हणजे नांदेड-लातूरकडं, पोराच्या हातात कॅट दिसला की घरातलं मोठं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "कामून बसलास रे पत्ते घेऊन? पैसे लावता का?" प्रश्न उगाच येत नाही. तीन पत्तीत गेलेले पैसे गावागावात लोकांनी पाहिलेत. फोनवर रमीच्या जाहिराती तर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

पण पैसे बाजूला ठेवले तर उरतं काय? पत्त्यांत डोकं असतं की नुसतं नशीब? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. सिकंदराबादच्या एका क्लबवर हैदराबाद गॅम्बलिंग अॅक्टखाली खटला झाला होता. हैदराबाद संस्थानाचा कायदा तो, आणि १९५६ पर्यंत आपला मराठवाडा त्याच हैदराबाद राज्यात होता. 'आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण' म्हणून हा निकाल ओळखतात. कोर्टानं म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं हे ठरवावं लागतं. आणि रमीत जेवढं नशीब आहे ते ब्रिजमध्ये पानं वाटताना असतं त्याच जातीचं. क्लबवाले पैजांतून कमाई करत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, हेही त्यात आलं.

कोर्टानं तुलनेला ब्रिज घेतला, तो कामून घेतला असेल? आज एकच डाव उलगडून बघू.

मेंढीकोट येतो ना? मग अर्धा ब्रिज आला

चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला १३ पानं. उतारी ज्या रंगाची, तो रंग हातात असेल तर तोच टाकायचा. मोठं पान हात घेतं. इथपर्यंत सगळं मेंढीकोटसारखंच. फरक तीन. एक, दहाच्या पानांना वेगळा मान नाही, नुसते हात मोजायचे. दोन, खेळ सुरू होण्याआधी बोली होते: आम्ही किती हात करू आणि हुकूम कोणता. तीन, बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. बोली जिंकणारा दोघांचीही पानं एकटाच खेळतो.

आज जगभर खेळला जातो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. त्याची गुणपद्धत अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं १९२५ मध्ये बसवली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि प्रणब बर्धन-शिबनाथ सरकार या जोडीनं भारताला सोनं मिळवून दिलं. एक साठीचे, दुसरे छप्पन्नचे! पुढं हांगझोऊला आपल्या पुरुष संघाला रौप्य मिळालं, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते.

३८ शब्दांची भाषा

मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, खाकरणं, पान जरा जोरात आपटणं यातच निम्मी मजा असते. ब्रिजमध्ये हे सगळं बंद. भिडूशी बोलायचं ते फक्त बोलीतून. १ ते ७ आकडे आणि पाच प्रकार: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रंप, म्हणजे बिनहुकूम. झाल्या ३५ बोल्या. त्यात पास, डबल, रिडबल मिळवा. ३८ शब्द, बस्स! आणि एखाद्या बोलीचा तुमच्या दोघांत काही खास अर्थ ठरला असेल, तर समोरच्यांनी विचारल्यावर तो सांगावाच लागतो. गुपित चालत नाही.

बोलीतल्या आकड्यात ६ मिळवायचे, तेवढे हात करायचे. ३ नो ट्रंप म्हणजे ९ हात.

पानांचं वजन असं मोजतात: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. सगळ्या कॅटमध्ये मिळून ४० गुण. आता ही पानं मांडा.

तुमची पानं:
इस्पिक – एक्का, ६, ३
बदाम – राजा, ७, ५
चौकट – एक्का, ७, ५
किलवर – एक्का, राणी, ४, ३

समोरच्या भिडूची पानं:
इस्पिक – ८, ५, ४
बदाम – एक्का, राणी, ४
चौकट – राजा, राणी, ६, २
किलवर – ७, ५, २

तुमच्याकडं १७ गुण. तुम्ही बोलता '१ नो ट्रंप'. बऱ्याच जोड्यांत याचा अर्थ ठरलेला असतो: १५ ते १७ गुण, पानं चारी रंगांत साधारण सारखी. आता भिडूच्या डोक्यात बघा. त्याच्याकडं ११. म्हणजे दोघांचे मिळून कमीत कमी २६, जास्तीत जास्त २८. नऊ हातांना साधारण २५ लागतात आणि बारा हातांना ३३. तो सरळ बोलतो '३ नो ट्रंप'. तुमची पानं त्यानं पाहिलेली नाहीत, तरी हिशेब बरोबर लागला.

'२ नो ट्रंप' बोलून सुरक्षित का राहायचं नाही? गुण बघा. २ बोलून ९ हात केले तर १५० मिळतात. ३ बोलून तेच ९ हात केले तर ४००, कारण गेमचा बोनस. ३ बोलून ८ हातांवर अडकलात तर ५० जातात, २ बोलून ८ केले असते तर १२० मिळाले असते. म्हणजे जमलं तर २५० जास्त, फसलं तर १७० कमी. नुसत्या गुणांनी बघितलं तर १०० पैकी ४० च्या आसपास वेळा जमलं तरी बोलणं परवडतं. भित्र्या बोलीचीही किंमत असते, ती फक्त डोळ्यांना दिसत नाही.

उतारी झाली, आता घाई नको

डावीकडचा गडी इस्पिकचा राजा उतरतो. डमी खाली आली. पहिलं पान टाकण्याआधी थांबायचं आणि हक्काचे हात मोजायचे. इस्पिक १, बदाम ३, चौकट ३, किलवर १. आठ. हवेत नऊ.

नववा दोन ठिकाणांहून येऊ शकतो.

पहिली जागा चौकट. तुम्हा दोघांकडं सात पानं, बाहेर सहा. ती तीन-तीन वाटली गेली असतील तर एक्का, राजा, राणी खेळून झाल्यावर डमीतलं चौथं पान आपोआप मोठं होतं. पण सहा पानं ३-३ वाटली जायची शक्यता फक्त ३५.५ टक्के. ४-२ ची ४८.४. अकरावी-बारावीचं कॉम्बिनेशन आठवत असेल तर स्वतः काढून बघा, मजा येते.

दुसरी जागा किलवर. डमीतून लहान किलवर काढायचं आणि उजवीकडच्यानं लहान टाकलं की तुम्ही राणी लावायची. राजा उजवीकडं असेल तर राणी चालते. डावीकडं असेल तर मरते. याला फिनेस म्हणतात. वरवर पाहता अर्धी-अर्धी शक्यता.

आता आधी काय करायचं?

पहिल्यांदा इस्पिकचं बघू. एक्का लगेच टाकायचा नाही. पहिला हात सोडा, दुसरा सोडा, तिसऱ्याला एक्का लावा. का? तर तिसऱ्या फेरीला उजवीकडच्यानं इस्पिकऐवजी बदामाचं लहान पान टाकलं. म्हणजे त्याच्याकडं इस्पिकची दोनच होती, डावीकडच्याकडं पाच. दोन हात सोडून आपण माहिती विकत घेतली.

या माहितीची किंमत बघा. डावीकडच्याच्या १३ पानांपैकी ५ कळली, ८ जागा उरल्या. उजवीकडच्याची २ कळली, ११ जागा उरल्या. किलवरचा राजा या १९ जागांपैकी कुठंतरी बसलाय. उजवीकडं असण्याची शक्यता १९ पैकी ११, म्हणजे ५८ टक्के. पन्नासची अठ्ठावन्न झाली.

मोह इथंच होतो. "फिनेस ५८ टक्के, चौकट पस्तीसच्या आसपास, मग फिनेसच करू!" बदामानं डमीत गेलात, किलवर काढलं, राणी लावली. राजा डावीकडं निघाला तर तो गडी उरलेली दोन इस्पिकं वाजवतो. त्यांचे पाच हात झाले, डाव गेला, आणि चौकट ३-३ आहे का हे बघायची संधीच मिळाली नाही.

उलटं करा. आधी चौकट: हातातला एक्का, मग डमीतला राजा, मग राणी. सगळ्यांनी तीनदा चौकट टाकली तर चौथं पान वाजवा, नऊ झाले, फिनेसची गरजच नाही. नाही जमलं तरी तुम्ही डमीतच आहात, तिथूनच किलवर काढा. यात दोन्ही संधी मिळतात. इस्पिक ५-२ कळल्यानंतरचा हिशेब केला तर ही शक्यता ७१ टक्के येते. पानं तीच, संधी त्याच, फक्त क्रम बदलला आणि ५८ चे ७१ झाले.

आणखी एक. समजा तिसऱ्या चौकटीला उजवीकडचा रंग चुकला. म्हणजे डावीकडं चार चौकटी. त्याची नऊ पानं कळली, चारच जागा उरल्या. उजवीकडच्याच्या नऊ जागा उरल्या. आता किलवरचा राजा उजवीकडं असायची शक्यता १३ पैकी ९, म्हणजे ६९ टक्के! चौकट जमली नाही, पण जाताना सांगून गेली.

आणि तरीही हरलात तर?

६९ म्हणजे १०० नाही. राजा डावीकडं निघू शकतो. मग त्याची दोन इस्पिकं आणि एक चौकटही वाजते, तुम्ही दोन हात कमी पडता, १०० गुण जातात. आणि गंमत ऐका. शेजारच्या टेबलावर ज्यानं थेट फिनेस केला तोही हरला, पण एकाच हातानं, ५० गुणांनी. त्या एका डावात नीट विचार करणाऱ्याचं जास्त नुकसान झालं.

म्हणून काय त्याचा क्रम बरोबर ठरला? लांबचा हिशेब बघा. अशा १०० डावांपैकी १३ डावांत आधी चौकट खेळणारा जिंकतो आणि फिनेसवाला हरतो. तिथं फरक ४०० अधिक ५०, म्हणजे ४५० गुणांचा. बदल्यात कधीमधी पन्नासेक गुण जास्त जातात. असा सौदा कुणीही करावा.

लातूरच्या ट्यूशन एरियात रूम करून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. एका दिवसाचा निकाल आणि वर्षभराचे निर्णय यांतला फरक लोक सहसा बघत नाहीत. ब्रिजनं तो बघायची सोय करून ठेवलीय. स्पर्धेत तेच डाव, तीच पानं प्रत्येक टेबलावर फिरवतात. तुमची तुलना होते ती तुमच्याच जागी बसून तीच पानं खेळलेल्या माणसाशी. "पानंच वाईट आली" हे कारण मग चालत नाही. याला डुप्लिकेट ब्रिज म्हणतात.

होस्टेलवर आठ जण जमले तर

खर्च दोन कॅट आणि काही जुनी पाकिटं. चारचारच्या दोन टीम करा. पहिल्या टेबलावर तुमची जोडी उत्तर-दक्षिण बसेल, दुसऱ्या टेबलावर तुमच्याच टीमची दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. खेळताना पान मधे टाकायचं नाही, आपल्यासमोरच ठेवायचं. हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की प्रत्येकानं आपली तेरा पानं मोजून आपल्या दिशेच्या पाकिटात घालायची आणि चारही पाकिटं दुसऱ्या टेबलावर पाठवायची. शेवटी दोन्हीकडचे गुण समोरासमोर लिहा. पैसा लावायची गरज पडत नाही, भांडायला विषय भरपूर मिळतात. आठ जण नसतील तर 'ब्रिज बेस ऑनलाइन'वर फुकट खेळता येतं.

आणि घरातून "पैसे लावता का?" असा आवाज आला, तर प्रश्न विचारणाऱ्यालाच चौथा भिडू करा. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पानं मोजायला शिकवावं लागत नाही.

जाता जाता गृहपाठ. हाच डाव, पण तिसऱ्या इस्पिकला उजवीकडच्यानंही इस्पिकच टाकलं, म्हणजे इस्पिक ४-३ निघाली. आता फिनेस आधी केला आणि फसला, तर डाव तिथंच जातो का? त्यांचे हात बोटांवर मोजा आणि उत्तर कळवा. पुढच्या भागात इथूनच सुरू करू. तोवर, एक्का लगेच टाकू नका!