बोलणारे यंत्र

दोन माणसे बोलू लागली म्हणजे सारा अर्थ शब्दांतूनच पोहोचतो असे नाही. आई घरात येताच म्हणते, "काय हा उकाडा!" आणि मुलगा उठून खिडकी उघडतो. खिडकी उघड, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. आईच्या मनात काय आहे, हे त्याने ताडलेले असते. न बोललेला भाग ऐकणारा आपल्या मनाने पुरा करतो, म्हणूनच संवाद चालतो. परंतु समोर माणसाऐवजी यंत्र असेल, तर काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत अनपेक्षित रीतीने मिळाले. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली संगणकासाठी रचलेल्या एका आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. तिचे नाव 'एलायझा'. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील नायिकेवरून ते ठेवलेले होते. याच नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर 'ती फुलराणी' या नावाने मराठी रंगभूमीवर गाजले.

एलायझाची युक्ती साधी होती. तिचा संवाद इंग्रजीत चाले, मराठीत सांगायचा तर तो असा : मनुष्याने टंकयंत्रावर "माझा भाऊ माझ्यावर रागावतो" असे लिहिले, की यंत्र 'माझा'च्या जागी 'तुमचा' घाली आणि विचारी, "तुमचा भाऊ तुमच्यावर रागावतो, असे तुम्हांला का वाटते?" ओळखीचा शब्द न सापडल्यास "पुढे बोला," एवढेच म्हणे. भाऊ म्हणजे काय, राग म्हणजे काय, याची त्याला यत्किंचितही जाणीव नव्हती.

तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या कार्यालयातील सहायक बाई त्यांचे हे काम कित्येक महिने पाहत होत्या; ही केवळ आज्ञावली आहे, हे त्या जाणून होत्या. पण यंत्राशी चार वाक्यांची देवघेव होताच त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! यंत्राला काहीच समजले नव्हते. उरलेला अर्थ बाईंच्या मनाने पुरा केला होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नास यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असाच एक प्रयोग वर्णिला आहे. काही जणांना संगणकाने धडा शिकवला. तो कसा वाटला, असे त्याच संगणकाने विचारले, तेव्हा त्यांनी गोड उत्तरे दिली. दुसऱ्या संगणकाने किंवा कागदावर विचारले, तेव्हा ती अधिक परखड होती. यजमानाच्या तोंडावर त्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवू नयेत, हा शिष्टाचार माणसांनी नकळत यंत्रालाही लावला होता.

वायझेनबाउम मात्र आपल्या यशाने हुरळले नाहीत. ज्या कामांना माणुसकी व करुणा लागते, ती यंत्राकडे सोपवू नयेत, असे त्यांनी 1976 साली एका ग्रंथात बजावले. आजचे संगणक मराठीतही बोलतात आणि एलायझाहून पुष्कळच सफाईने उत्तरे देतात. परंतु ऐकणारे मन अजून तेच आहे. न बोललेले पुरे करण्याची त्याची सवय सुटलेली नाही. म्हणून यंत्राला प्रश्न अवश्य विचारावा, मिळालेले उत्तर पारखून घ्यावे, आणि मनातील दुःख सांगण्यासाठी मात्र आईजवळ जाऊन बसावे.