अनाठायी भय आणि बेनामी पुडी

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे 6 मे 2025 रोजी, जागतिक दमा दिन पाळला गेला आणि श्वासावाटे घ्यावयाची औषधे सर्वांना सुलभ व्हावीत हे त्याचे घोषवाक्य वाचकांच्या नजरेखालून गेले. परंतु 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमत हळदीच्या मुलखात, जेथे कुरुंद्यासारख्या गावी हळद शिजवून, वाळवून, पॉलिशच्या ड्रमांतून काढताना उडणारी धूळ कामकऱ्यांच्या छातीत जाते, तेथे या घोषवाक्याच्या वाटेत किमतीइतकाच दुसराही एक अडसर आहे, आणि तो म्हणजे स्टेरॉइड या नावाची धास्ती.

श्वासावाटे औषध देणाऱ्या पंपाची सवय लागते, पंप म्हणजे अखेरचा उपाय, अशी समजूत घरोघरी रुजलेली आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, पंपाला नकार देणारा तोच रुग्ण धाप लागताच सुई टोचून घेतो किंवा लेबल नसलेली पुडी विश्वासाने पोटात घेतो. त्या सुईत बहुधा स्टेरॉइडच असते, आणि अशा बेनामी पुड्यांतही ते मिसळलेले आढळल्याचे दाखले वैद्यकीय वाङ्मयात वारंवार आलेले आहेत. ज्या द्रव्याचे भय, त्याचेच सेवन शेकडो पट मात्रेने, तेही नकळत, असा हा विपरीत व्यवहार आहे.

या औषधाचा इतिहास मराठवाड्याच्या वाचकास विशेष स्मरणात राहील असा आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी अंमल संपून हा मुलूख मुक्त झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, 21 सप्टेंबरला, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला, एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून शोधलेल्या द्रव्याची पहिली मात्रा टोचली, आणि आठवड्याच्या आत ती हिंडूफिरू लागली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. 1950 साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 1956 साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने तीव्र दम्यातील त्याची उपयुक्तता नियंत्रित चाचणीने पडताळून पाहिली. परंतु तोवर चेहऱ्यावरची सूज, ठिसूळ होणारी हाडे, वाढणारी रक्तशर्करा हा अंगभर पसरणाऱ्या औषधाचा खर्चही जमेच्या बाजूइतकाच उघड झाला होता. त्यावरचा तोडगा 1972 साली बेक्लोमेथासोनच्या फवाऱ्याने दाखवला: औषध सर्व शरीरास न देता केवळ श्वासनलिकेस द्यावे.

ही तफावत आकड्यांतच पाहावी. पंपातील ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा नेहमीचा एक झुरका 200 मायक्रोग्रॅमचा असतो, तर तीव्र झटक्यात प्रौढाला दिली जाणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मात्रा 40 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाने दोनशे पट. दोन्ही द्रव्यांचे बळ सारखे नसले तरी झुरक्यातील फारच थोडा अंश रक्तात शिल्लक राहतो. मात्र स्टेरॉइड पेशीच्या केंद्रकात शिरून दाह पेटवणाऱ्या जनुकांना आवर घालते, आणि या कार्यास मिनिटे नव्हे तर तास ते दिवस लागतात. उलट सालब्युटामोल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करते. आगीवर पाणी न ओतता केवळ धूर जाण्यास खिडकी उघडावी, तसा केवळ सालब्युटामोलवरचा भरवसा असतो, आणि म्हणूनच 2019 पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी तो एकटा वापरू नये असे सांगितले. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात असताना दम्याच्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून अधिक येथे घडतात, असा 2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे.

भय सर्वस्वी निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. 2020 च्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने प्राणवायूवरील कोरोना रुग्णांचे प्राण वाचवले, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. आणि 2021 मध्ये स्टेरॉइडचा अमर्याद वापर व मधुमेह यांच्या संगतीने बुरशीचा आजार महाराष्ट्रात फोफावला. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. झुरक्यानंतर चूळ भरणे, मुलांसाठी स्पेसर लावणे, गाजरगवताच्या परागाने नाक गळत असल्यास नाकातील स्टेरॉइडचा फवारा मधल्या पडद्याकडे न रोखता बाजूस मारणे, ही पथ्ये साधी आहेत.

शिवाय प्रत्येक धाप दम्याची नसते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 च्या 'लॅन्सेट'मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या जीर्ण श्वासरोगाकडे, विशेषतः जैवइंधनाच्या धुराकडे, जगाचे लक्ष वेधले. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे वर्षे काढलेल्या आपल्या आयाबायांची धाप बहुधा याच जातीची असते, आणि तिच्यात स्टेरॉइडला दम्यातल्यासारखे पहिले स्थान नाही. म्हणून यंत्रात फुंकून होणारी श्वासमापन चाचणी ही चैन नव्हे. ती उपचाराची पहिली पायरी होय. मृग नक्षत्रावर हैदराबादेत जिवंत माशासह दम्याचे औषध गिळण्यासाठी होणारी गर्दीही याच निदानाच्या अभावातून वाढते, आणि त्या औषधास विज्ञानाचा आधार मिळालेला नाही.

ब्युडेसोनाइड, तसेच त्याचे फॉर्मोटेरोलशी केलेले मिश्रण, 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहे. सूचीतील ती नोंद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात उतरावी, श्वासमापन यंत्र किमान तालुक्याच्या ठिकाणी नियमित चालावे, आणि नाव नसलेली पुडी विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने सक्त कारवाई करावी, हीच जागतिक दमा दिनाची खरी अंमलबजावणी ठरेल.